बालवाटिकेचे वर्ष : खेळाकडून अक्षर-अंकांकडे

इयत्ता पहिलीच्या आधीचे वर्ष हा शालेय शिक्षणाचा केवळ उंबरठा आहे, की तो शिक्षणाचाच पहिला टप्पा आहे, हा प्रश्न भारतीय शिक्षणविचारात दीर्घकाळ चर्चिला गेला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्धपणे दिले. १०+२ या जुन्या आकृतिबंधाच्या जागी ५+३+३+४ असा नवा आकृतिबंध स्वीकारताना वयाच्या तिसऱ्या ते आठव्या वर्षापर्यंतचा काळ 'पायाभूत स्तर' म्हणून एकसंध मानण्यात आला. पूर्वप्राथमिकची तीन वर्षे आणि पहिली-दुसरीची दोन वर्षे यांचा त्यात समावेश होतो.

या बदलाचा सर्वांत ठळक परिणाम ज्या शहरांत दिसून येतो, त्यांपैकी दिल्ली हे एक होय. दिल्लीत आजवर नर्सरी, केजी आणि त्यानंतर पहिली असा क्रम रूढ होता. त्यामुळे वयाची पाच वर्षे पूर्ण केलेले मूल पहिलीत दाखल होत असे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये पहिलीच्या प्रवेशासाठी सहा वर्षे हे किमान वय निश्चित करण्याची सूचना सर्व राज्यांना केली. त्यानुसार दिल्लीच्या शिक्षण संचालनालयाने २०२५ मध्ये नर्सरी, लोअर केजी आणि अप्पर केजी असे तीन पूर्वप्राथमिक वर्ग योजून, सहा वर्षे पूर्ण झाल्यावरच पहिली, अशी रचना जाहीर केली. २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून ती टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. धोरणाच्या परिभाषेत हे वर्ग अनुक्रमे बालवाटिका १, २ व ३ म्हणून ओळखले जातात.

अशा रीतीने दिल्लीतील बालकाच्या वाट्याला पहिलीपूर्वीचे एक वर्ष अधिक आले आहे. या वर्षात पहिलीचाच अभ्यासक्रम अलीकडे ओढला गेला, तर बालकाच्या हाती काही पडणार नाही. उलट केवळ मनोरंजनात ते खर्ची पडले, तरीही संधी वाया जाईल. वर्गातील उपक्रम आणि अध्ययनाची उद्दिष्टे यांचा मेळ कसा घालावा, हा यातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

घटनात्मक व धोरणात्मक पार्श्वभूमी

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क अन्वये ६ ते १४ वयोगटातील बालकांना शिक्षणाचा मूलभूत हक्क प्राप्त झाला. सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण मात्र अनुच्छेद ४५ मध्ये, म्हणजे राज्य धोरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये राहिले. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मधील कलम ११ नुसार ३ ते ६ वयोगटासाठी मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था शासन करू शकते. तथापि ते बंधनकारक नाही. कलम १२(१)(ग) अन्वये विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशाच्या वर्गातील किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखावयाच्या आहेत. शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग असल्यास ही तरतूद त्या वर्गापासून लागू होते. कलम १३ ने प्रवेशासाठी बालक वा पालक यांची चाळणी घेण्यास मनाई केली आहे.

या तरतुदींबरोबरच काही उपक्रमांची नोंद घेणे आवश्यक आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या सहा सेवांमध्ये पूर्वप्राथमिक अनौपचारिक शिक्षणाचा समावेश प्रारंभापासूनच होता. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल्यावस्थापूर्व संगोपन व शिक्षण धोरण स्वीकारण्यात आले. ५ जुलै २०२१ रोजी पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानासाठी 'निपुण भारत' अभियान सुरू झाले. २० ऑक्टोबर २०२२ रोजी पायाभूत स्तरासाठी राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध झाला. अंगणवाडीतील शिक्षणाचा अंश बळकट करण्यासाठी १० मे २०२३ रोजी 'पोषण भी, पढाई भी' हा कार्यक्रम हाती घेण्यात आला. केंद्रीय विद्यालयांमध्येही २०२२ मध्ये प्रारंभी ४९ शाळांत बालवाटिका वर्ग सुरू झाले.

वर्षअखेरीस काय अपेक्षित आहे?

'निपुण भारत' अभियानाने बालवाटिकेच्या अखेरच्या वर्षासाठी निश्चित केलेली उद्दिष्टे मर्यादित आहेत, आणि ही मर्यादा हेतुपुरस्सर आहे. भाषेत बालकाने अक्षरे व त्यांचे ध्वनी ओळखावेत आणि दोन-तीन अक्षरांचे सोपे शब्द वाचावेत. गणितात दहापर्यंतचे अंक ओळखावेत व वाचावेत, तसेच वस्तू, आकार किंवा घटना यांची क्रमवार मांडणी करावी. पहिलीच्या अखेरीस चार-पाच सोप्या शब्दांचे अपरिचित वाक्य वाचणे आणि ९९ पर्यंतच्या संख्या लिहिता-वाचता येणे अपेक्षित आहे. म्हणजेच शंभरपर्यंतच्या संख्या पाठ म्हणणे अथवा परिच्छेद उतरवून काढणे ही बालवाटिकेची उद्दिष्टे नाहीत.

मर्यादा दहापर्यंत ठेवण्यामागे तर्क आहे. हिंदी व मराठीत अकरा ते नव्व्याण्णव या संख्यांची नावे बव्हंशी स्वतंत्रपणे लक्षात ठेवावी लागतात. 'उनतीस' या शब्दात वीस आणि नऊ सहजासहजी ऐकू येत नाहीत. दहापर्यंतच्या संख्येची जाण पक्की होण्यापूर्वी ही नावे पाठ करून घेतल्यास बालक संख्या म्हणू लागते, पण मोजू लागतेच असे नाही.

अभ्यासक्रम आराखड्याची व्याप्ती याहून मोठी आहे. शारीरिक विकास, सामाजिक-भावनिक व नैतिक विकास, बोधात्मक विकास, भाषा व साक्षरता, सौंदर्यदृष्टी व संस्कृती आणि त्यांच्या जोडीला चांगल्या अध्ययन-सवयी अशा क्षेत्रांत मिळून १३ अभ्यासक्रमीय ध्येये त्यात नमूद आहेत. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, रागाला शब्द देणे, हाती घेतलेले काम पूर्ण करणे या गोष्टीही अक्षरज्ञानाइतक्याच उद्दिष्टांचा भाग आहेत.

उपक्रम आणि त्यांमागील हेतू

बालवाटिकेतील दिवस बाहेरून पाहणाऱ्यास गाणी, गोष्टी, चित्रे आणि खेळ यांनी भरलेला दिसतो. प्रत्येक उपक्रमामागे निश्चित हेतू असतो. तो ध्यानात घेतला नाही, तर उपक्रम केवळ वेळ घालवण्याचे साधन ठरतो.

सकाळच्या गोलात बालके आदल्या दिवशी घडलेले काही सांगतात. यातून अनुभव क्रमाने मांडण्याची आणि इतरांचे ऐकून घेण्याची सवय लागते. दिल्लीच्या वर्गात हिंदीबरोबर भोजपुरी, मैथिली, पंजाबी, बंगाली अशा अनेक घरभाषा बोलणारी बालके एकत्र येतात. म्हणून घरभाषेतून बोलण्याची मुभा हा या उपक्रमाचा प्राण होय. ज्या बालकाला वर्गात बोलताच येत नाही, त्याला वाचन शिकविणे दुष्कर असते.

गोष्ट वाचून दाखविताना शिक्षिका ओळीखालून बोट फिरवते. छापील मजकूर डावीकडून उजवीकडे वाचला जातो आणि बोललेला शब्द लिहिता येतो, हे बालकास यातून उमगते. 'कमल, कलम, मछली' या शब्दांपैकी वेगळ्या ध्वनीने सुरू होणारा शब्द ओळखण्याचा खेळ ध्वनींची जाण वाढवतो. पुढे अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालणे त्यामुळे सुकर होते. मण्यांची माळ ओवणे, माती मळणे, कागद फाडून चिकटविणे या कृतींनी बोटांचे सूक्ष्म स्नायू बळकट होतात. पेन्सिल धरण्याची पूर्वतयारी म्हणजे हीच होय. राजमा व हरभऱ्याचे दाणे वेगळे करणे हे वर्गीकरणाचे, तर काड्या लहानापासून मोठ्यापर्यंत लावणे हे क्रममांडणीचे शिक्षण आहे. बाहुलीघर वा भाजीच्या दुकानाच्या खेळात भाषा, हिशेब आणि परस्परांशी वागणे या तिन्हींचा सराव एकाच वेळी होतो.

दिल्लीतील एक महत्त्वाचा प्रयोग

खेळातून शिक्षण हे तत्त्व आज सर्वमान्य झाले आहे. परंतु खेळ पुरेसा असतो काय? या प्रश्नाची काटेकोर तपासणी ज्या मोजक्या ठिकाणी झाली, त्यांत दिल्लीचा समावेश होतो. मोइरा डिलन, हरिणी कन्नन, जोशुआ डीन, एलिझाबेथ स्पेल्के आणि अर्थशास्त्रज्ञ एस्थर डफ्लो यांनी 'प्रथम' या संस्थेच्या दिल्लीतील २१४ बालवाड्यांमध्ये १,५४० बालकांसह केलेला क्षेत्रीय प्रयोग २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी व मायकेल क्रेमर यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या प्रयोगात बालवाड्यांची यादृच्छिक पद्धतीने तीन गटांत विभागणी करण्यात आली. पहिल्या गटातील बालकांनी सुमारे चार महिने गणिती खेळ खेळले. ठिपक्यांच्या दोन समूहांपैकी मोठा कोणता, किंवा अनेक आकृत्यांत वेगळी आकृती कोणती, अशा स्वरूपाचे हे खेळ होते. त्यांत अंक वा चिन्हे नव्हती. दुसऱ्या गटाने त्याच धर्तीचे, परंतु चेहऱ्यावरील भाव ओळखण्यासारखे सामाजिक खेळ खेळले. तिसऱ्या गटात नेहमीचेच शिक्षण चालू राहिले.

निष्कर्ष दुहेरी होते. गणिती खेळ खेळलेल्या बालकांची संख्या व आकार यांची सहज जाण सुधारली आणि ही सुधारणा वर्षभरानंतरही टिकून राहिली. लहान मुलांवरील अनेक उपक्रमांचे परिणाम अल्पावधीत ओसरतात, हे लक्षात घेता ही बाब उल्लेखनीय आहे. मात्र हीच बालके प्राथमिक शाळेत गेल्यावर अंक, चिन्हे व लेखी गणित यांत इतरांच्या पुढे गेल्याचे आढळले नाही. खेळाने जाण वाढली. पण ती शाळेच्या गणितापर्यंत आपोआप पोहोचली नाही.

बाजारातील गणित आणि शाळेतील गणित

हीच दरी वयाने मोठ्या मुलांमध्येही दिसून येते. अभिजित बॅनर्जी, डफ्लो, स्पेल्के व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत विक्री करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भाजी वा अन्य मालाचे वजन, दर आणि परत द्यावयाची रक्कम यांचा हिशेब ही मुले तोंडी अचूक करीत. तेच गणित शाळेच्या पद्धतीने मांडून विचारले असता त्यांतील बहुतेकांना ते जमत नव्हते. याउलट, बाजारात काम न करणारी शाळकरी मुले पुस्तकी उदाहरणे तुलनेने बरी सोडवीत, परंतु व्यवहारातील हिशेबात अडखळत.

या दोन्ही अभ्यासांतून एकच बोध होतो. अनुभव आणि चिन्ह या दोन गोष्टी बालकाच्या मनात शेजारी राहूनही परस्परांस अनोळखी राहू शकतात. त्यांची ओळख करून देणे हे शिक्षकाचे काम आहे आणि त्याचा आरंभ बालवाटिकेच्या अखेरच्या वर्षात होणे इष्ट ठरते.

दुवा कसा साधावा?

अभ्यासक्रम आराखड्याने गणितासाठी सुचविलेला क्रम येथे उपयुक्त आहे. प्रथम प्रत्यक्ष वस्तूंचा अनुभव, नंतर त्याविषयी बोलणे, त्यानंतर चित्र आणि सर्वांत शेवटी चिन्ह, असा हा क्रम आहे. शिक्षिका पाच आणि आठ ठिपक्यांची दोन पाने समोर ठेवून 'जास्त कुठे?' असे विचारते. बालक अंदाजाने उत्तर देते. मग ते ठिपक्यांवर बिया ठेवून मोजते, 'आठ' हा शब्द उच्चारते, आठ वस्तूंचे चित्र काढते आणि शेवटी ८ हा अंक लिहिलेले पान उचलते. पहिल्या टप्प्यावर थांबणारा वर्ग केवळ खेळाचा ठरतो. थेट शेवटच्या टप्प्यापासून सुरू होणारा वर्ग घोकंपट्टीचा ठरतो. चारही पायऱ्या त्याच क्रमाने आणि वारंवार चढणे, यात या वर्षाचे सार आहे.

भाषेच्या बाबतीतही मौखिक भाषा, शब्दओळख, वाचन आणि लेखन या चार अंगांना दररोज स्थान द्यावे, अशी शिफारस आहे. बालकाने सांगितलेले वाक्य शिक्षिकेने त्याच्यासमोर फळ्यावर लिहून वाचून दाखविणे, हा बोली आणि लेखी भाषा जोडणारा साधा व बिनखर्चाचा उपक्रम होय.

गुंतवणूक आणि समता

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पूर्वप्राथमिक शिक्षण ही मानवी भांडवलातील गुंतवणूक आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९६२ ते १९६७ या काळात चाललेल्या पेरी पूर्वप्राथमिक प्रकल्पातील १२३ बालकांचा पाठपुरावा अनेक दशके करण्यात आला. नोबेल पारितोषिक विजेते जेम्स हेकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरील सामाजिक परतावा वार्षिक ७ ते १० टक्के असल्याचा अंदाज वर्तविला. हा प्रकल्प लहान होता, त्यातील शिक्षक प्रशिक्षित होते आणि बालके गरीब कुटुंबांतील होती. म्हणून हा आकडा जसाच्या तसा भारतास लावणे योग्य नव्हे. परतावा वर्षांच्या संख्येवर अवलंबून नसून वर्गात काय घडते यावर अवलंबून आहे, हा धडा मात्र घेण्याजोगा आहे.

भारतीय पुरावाही याच दिशेने निर्देश करतो. दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठातील संशोधन केंद्र आणि 'असर' केंद्र यांनी आसाम, राजस्थान व तेलंगणातील सुमारे १४ हजार बालकांचा चौथ्या ते आठव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पाच वर्षांच्या बालकांची शालेय सिद्धता अपेक्षेहून बरीच कमी आढळली. बहुतेक अंगणवाड्यांत शिक्षणाचा अंश अत्यल्प होता, तर खासगी केंद्रांत वयाला न साजेसे औपचारिक लेखन-वाचन चालत होते.

दिल्लीत ही विषमता अधिक तीव्रतेने जाणवते. एकीकडे नर्सरी प्रवेशासाठी पालकांची धावपळ होते; तेथील प्रवेशपद्धतीचा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातून २००६ मध्ये गांगुली समिती नेमली गेली. दुसरीकडे वस्त्यांतील हजारो अंगणवाड्यांत एकच सेविका पोषण, लसीकरण, नोंदवह्या आणि शिक्षण असा सर्व भार वाहते. बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी 'मोबाइल क्रेशेस' या संस्थेचे कार्य १९६९ मध्ये दिल्लीतच सुरू झाले, हेही येथे स्मरणीय आहे. नवे वाढीव वर्ष सधन वर्गासाठी शुल्काचे आणखी एक वर्ष आणि गरिबांसाठी प्रतीक्षेचे आणखी एक वर्ष ठरल्यास, पहिलीच्या दारातील अंतर घटण्याऐवजी वाढेल.

अल्प साधनांत दर्जेदार बालशिक्षण शक्य असल्याचे महाराष्ट्राने फार पूर्वी दाखवून दिले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राची स्थापना केली. अनुताई वाघ यांच्या साथीने ते कार्य १९५७ मध्ये कोसबाड येथे नेण्यात आले. शाळा मुलांच्या अंगणात नेणे आणि माती, बिया, पाने, शिंपले यांचेच शैक्षणिक साहित्य करणे, हे तेथील प्रयोगाचे वैशिष्ट्य होते. साहित्य साधे असले, तरी ते कशासाठी वापरावयाचे हे शिक्षिकेस नेमके ठाऊक होते.

मूल्यमापन व शिक्षक

पायाभूत स्तरावरील पूर्वप्राथमिक वर्गांत लेखी वा तोंडी परीक्षा घेऊ नये, असे आराखडा सुचवितो. बालकाचे निरीक्षण, त्याच्या कामाचे नमुने आणि समग्र प्रगतिपत्रक ही मूल्यमापनाची साधने होत. त्यासाठी शिक्षिकेकडे वेळ आणि दृष्टी दोन्ही हवीत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी व त्यापुढील शिक्षण झालेल्या अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, तर त्याहून कमी शिक्षण असलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका प्रस्तावित केली आहे. या प्रशिक्षणात खेळांच्या याद्यांपेक्षा प्रत्येक खेळातून पुढच्या पायरीकडे कसे न्यावे यावर भर देणे अगत्याचे आहे.

सारांश, पहिलीचे किमान वय सहा करणे हा प्रशासकीय निर्णय आहे. त्यातून मिळालेले वर्ष सार्थकी लावणे हे शैक्षणिक कार्य आहे. दिल्लीतील प्रयोगाने खेळाचे सामर्थ्य दाखविले, तशीच त्याची मर्यादाही दाखविली. ठिपके मोजणाऱ्या बालकाने तोच आकडा फळ्यावर ओळखावा, आणि स्वतः सांगितलेले वाक्य कागदावर पाहून त्याला आपले म्हणता यावे, एवढे जरी प्रत्येक बालवाटिकेत व प्रत्येक अंगणवाडीत साध्य झाले, तरी सर्व बालके पहिलीत समान पायावर उभी राहू शकतील. पायाभूत स्तर या संज्ञेचा अर्थ तेव्हाच पूर्ण होईल.